जुन्या पेपरांची फाईल घेऊन: पिट्सबर्ग ते लेक्सिंग्टन

एप्रिलच्या शेवटी बाबांना घेऊन पिट्सबर्ग, ओहायो आणि केंटकी अशी एक चक्कर मारून आलो. बाबा म्हणजे माझे वडील. सांगलीला एका साप्ताहिकाच्या छापखान्यात त्यांनी उमेदवारीपासून छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं काम केलं, त्यामुळे जुना पेपर हातात आला की ते आधी मजकूर वाचत नाहीत, कुठला टाईप झिजलाय, कुठे खिळा उलटा बसलाय आणि कुठे जागा कमी पडली म्हणून ओळ दाबून बसवलीय ते बघतात. हा हिवाळा ते आमच्याकडे न्यू जर्सीत होते, बाहेर बर्फ आणि हाताला काम नाही, म्हणून मी त्यांना लायब्ररीच्या कार्डावर अठराव्या शतकातले अमेरिकन पेपर उघडून दिले आणि मग आम्ही दोघंही त्यात असे गुंतलो की जेवणाच्या टेबलावरही तोच विषय.

त्या काळात 'पश्चिम' म्हणजे कॅलिफोर्निया नाही, ॲलेगेनीचे डोंगर ओलांडले की लागली पश्चिम. तिथल्या बातम्या फिलाडेल्फिया-बॉस्टनच्या पेपरात यायच्या त्या बहुतेक एकाच साच्यात: 'पिट्सबर्गच्या एका गृहस्थाच्या पत्रातला उतारा'. गृहस्थ कोण ते छापायचे नाहीत. एका पेपरात आलं की बाकीचे तेच उचलून छापायचे. बाबा म्हणाले, "या गृहस्थाने जे लिहिलंय ना, त्या जागा बघू या आपण." नवरा गाडी चालवायला तयार झाला, मी निवडक पानं छापून प्लास्टिकच्या फाईलमध्ये लावली आणि निघालो.

पहिला दिवस: पिट्सबर्ग

न्यू जर्सीहून टर्नपाईकने सहा-साडेसहा तास. डोंगर लागले तसा पाऊस सुरू झाला, बोगद्यांतून जाताना बाबा खिडकीला नाक लावून होते, कारण याच डोंगरांवरून १७८६ मध्ये जॉन स्कल आणि जोसेफ हॉल या दोन तरुणांनी छपाईचं यंत्र गाडीत घालून पिट्सबर्गला आणलं होतं. २९ जुलै १७८६ ला 'पिट्सबर्ग गॅझेट'चा पहिला अंक निघाला, ॲलेगेनीच्या पलीकडचा पहिलाच पेपर. कागदसुद्धा डोंगरापलीकडून यायचा, तो वेळेवर आला नाही की स्कलने तिथल्या फोर्ट पिट या किल्ल्यातून बंदुकीच्या काडतुसांसाठी ठेवलेला कागद उसना घेऊन त्यावर अंक छापलाय! हे ऐकल्यावर बाबांना आमच्याकडची कागदाच्या टंचाईची वर्षं आठवली आणि ब्रीझवूडपर्यंत तेच बोलणं चाललं.

पॉइंट स्टेट पार्क म्हणजे मोनोंगहेला आणि ॲलेगेनी या दोन नद्या मिळून ओहायो नदी सुरू होते ती जागा, अगदी संगमावर मोठं कारंजं आहे. ही जागा ज्याच्या हातात त्याच्या हातात आतला सगळा मुलूख, त्यामुळे फ्रेंच आणि इंग्रज दोघंही हिच्यासाठी झगडले. १७५४ च्या एप्रिलमध्ये व्हर्जिनियाच्या लोकांचा इथला अर्धवट बांधलेला किल्ला फ्रेंचांनी ताब्यात घेतला आणि ती बातमी ९ मे ला बेंजामिन फ्रँकलिनच्या 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट'मध्ये आली, सोबत तुकडे केलेल्या सापाचं ते प्रसिद्ध चित्र, 'एक व्हा नाहीतर मरा'. हे चित्र सगळ्यांनी बघितलेलं असतं, टी-शर्टवर, गाडीच्या मागे, पण ते मुळात या संगमावर घडलेल्या गोष्टीच्या बातमीसोबत छापलं होतं हे मला फाईल करेपर्यंत माहीत नव्हतं. कारंज्यापाशी भिजत उभं राहून बाबांनी ते पान काढलं आणि म्हणाले, "लाकडाचा ब्लॉक असणार. घाईत कोरलाय बघ, पण काय नेमका!"

पार्कात १७६४ चं ब्लॉकहाऊस अजून उभं आहे, छोटंसं विटांचं, बंदुका रोखायच्या फटी ठेवलेल्या लाकडी तुळया तशाच आहेत. आत जायला तिकीट नाही. शेजारच्या फोर्ट पिट म्युझियमला मात्र तिकीट आहे आणि त्याला निदान दोन तास ठेवा. तिथे मूळ रहिवाशांनी या किल्ल्याला घातलेला १७६३ चा वेढा समजतो. त्यांच्यातल्या डेलावेअर जमातीचे दोघं बोलणी करायला किल्ल्यात आले तेव्हा त्यांना देवीच्या रोग्यांच्या हॉस्पिटलमधली दोन ब्लँकेट आणि एक रुमाल भेट दिला गेला, आणि हे कुठल्या पेपरात नाही, विल्यम ट्रेंट नावाच्या किल्ल्यातल्याच माणसाच्या रोजनिशीत २४ जूनच्या नोंदीत आहे. त्याने इच्छाही लिहून ठेवलीय, याचा अपेक्षित परिणाम व्हावा म्हणून. मी ते दोनदा वाचलं.

संध्याकाळी स्ट्रिप डिस्ट्रिक्टमध्ये तो पिट्सबर्गी सँडविच खाल्ला ज्यात फ्रेंच फ्राईज आणि कोलस्लॉ आतच भरलेले असतात. बाबा शाकाहारी, त्यांना अंडं-चीजचा चालला, अंडं ते खातात. रात्री इन्क्लाइनने (उभ्या चढावरची छोटी रेल्वे) माऊंट वॉशिंग्टनवर चढून दिवे बघितले. पाऊस थांबला असेल तर हे अजिबात चुकवू नका.

दुसरा दिवस: ग्नाडनहटन

या दिवसासाठीच खरं तर सगळी सहल होती. पिट्सबर्गहून ओहायोत दोनेक तास. टेकड्या हिरव्यागार, रेडबडची झाडं गुलाबी-जांभळी फुललेली, मधेच अमिश लोकांच्या, म्हणजे मोटारी न वापरणाऱ्या साध्या राहणीच्या ख्रिस्ती लोकांच्या घोडागाड्या. गाव अगदी लहान, स्मशानाला लागून म्युझियम आणि पार्क. (सीझनप्रमाणे वेळा बदलतात, आधी फोन करूनच जा. पार्कात मात्र असंच फिरता येतं.)

थोडं मागचं सांगते. इथे राहणारे लोक डेलावेअर, म्हणजे लेनापे, पण मोराव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनऱ्यांमुळे ख्रिस्ती झालेले आणि शस्त्र उचलायचं नाही असं ठरवलेले. शेती, गुरं, चर्च, लाकडी घरं. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं आणि दोन्ही बाजूंना यांचा संशय. १७८१ मध्ये इंग्रजांच्या बाजूच्या वायंडॉट वगैरे मूळ रहिवाशांनी यांना जबरदस्तीने उठवून उत्तरेला सँडस्कीकडे नेलं. हिवाळ्यात तिथे खायला नाही, म्हणून शेतात उभा सोडलेला आपला मका काढून आणायला दीडशेच्या आसपास माणसं फेब्रुवारीत परत आली. आणि मार्चमध्ये डेव्हिड विल्यमसनच्या हाताखाली पेनसिल्व्हेनियाची मिलिशिया, म्हणजे नागरिकांची हत्यारबंद फौज, इथे पोचली.

आता फाईलमधलं पान. एप्रिल १७८२ च्या मध्यात फिलाडेल्फियाच्या पेपरात आलेली बातमी, मराठीत सांगायची तर अशी: मस्किंगम नदीवरच्या इंडियन (म्हणजे मूळ रहिवाशांच्या) गावांनी आपल्या लढाऊ टोळ्यांसाठी धान्याचा मोठा साठा केला होता, आमचे लोक नदी पोहून गेले, रात्री कुणाला कळू न देता गावात शिरले, झोपड्यांत हल्ला केला, नव्वदच्या वर मारले, त्यातले चाळीस लढवय्ये, बाकी म्हाताऱ्या बायका आणि मुलं, ऐंशीएक घोडे मिळाले ते कातडी आणि फरच्या लुटीने लादले आणि एकही माणूस न गमावता सगळे ओहायो नदीकडे परतले.

हे मी तिथे, ओल्या गवतात उभी राहून मोठ्याने वाचलं. कारण समोर काय आहे? त्या वेळच्या चर्चची आणि पिंपं बनवणाऱ्याच्या केबिनची परत उभी केलेली घरं, मधे उंच दगडी स्तंभ आणि बाजूला गवताने झाकलेला उंचवटा, ज्यात अस्थी पुरल्यात.

रात्रीचा हल्ला झालाच नव्हता. मिलिशियावाले दिवसा आले, मित्र म्हणून आले, तुम्हाला फोर्ट पिटला सुरक्षित नेतो म्हणाले, लोकांनी आपणहून हत्यारं त्यांच्या हातात दिली. मग बांधलं. मग मतदान घेतलं, मारायचं की न्यायचं, आणि न मारण्याच्या बाजूने जेमतेम अठराएक जण उभे राहिले. लोकांनी एक रात्र मागून घेतली, ती प्रार्थनेत आणि भजनं गाण्यात काढली. ८ मार्चला सकाळी पुरुष एका घरात, बायका-मुलं दुसऱ्या घरात नेऊन मारलं. एकूण ९६: २८ पुरुष, २९ बायका, ३९ मुलं. दोन पोरं वाचली, एक जमिनीखालच्या तळघरात लपून, दुसरा डोक्याची केसांसकट कातडी (टाळू) सोललेली असतानाही मेल्याचं सोंग घेऊन. त्या दोघांमुळे खरं काय झालं ते बाहेर गेलं. शिक्षा कुणालाही झाली नाही.

पेपरातला तो 'लढाऊ टोळ्यांसाठीचा धान्यसाठा' म्हणजे त्यांचा स्वतःचा मका. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे ज्याने जुळवलं असेल त्याला काय माहीत असणार. समोर कागद आला, त्याने खिळे लावले. पण 'मुलं' हा शब्द त्याने एकेक अक्षर उचलून लावला असेल ना गं."

केबिनमध्ये एक कुटुंब भेटलं, आजी, तिची मुलगी आणि दोन नातवंडं, कॅनडातून गाडी चालवून आलेली. ऑन्टारियोतल्या मोराव्हियनटाउनचे. इथल्या वाचलेल्या मोराव्हियन डेलावेअर लोकांनी पुढे सगळं सोडून १७९२ मध्ये टेम्स नदीकाठी नवीन गाव वसवलं, हे त्यांचे वंशज. आजींनी उंचवट्यापाशी चिमूटभर तंबाखू ठेवली, मग आमच्याकडे वळून बाबांना विचारलं, तुम्ही कुठून? बाबांनी इंडिया सांगितल्यावर नातू मोठ्याने म्हणाला, मग तुम्ही खरे इंडियन! सगळेच हसलो. मी त्यांना ते पान दाखवलं, आजींनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि एवढंच म्हणाल्या की आमच्याकडे मुलांना ही गोष्ट नावांनिशी सांगतात, इथे एकही नाव नाहीये. खरंच नाही. नव्वद माणसं आणि एक नाव नाही. स्तंभावरही त्यांची नावं नाहीत, 'इथे नव्वद ख्रिस्ती इंडियन मृत्यूतही विजयी झाले' अशा अर्थाची ओळ आणि तारीख आहे.

गाडीत बसल्यावर मी बाबांना दुसरं पान दिलं, कारण तेही त्याच महिन्यातलं. एप्रिल १७८२ मध्येच फ्रँकलिन पॅरिसजवळ पासीला होता, इंग्लंडशी तहाची बोलणी तोंडावर होती, आणि त्याने स्वतःच्या छापखान्यात 'बॉस्टन इंडिपेंडंट क्रॉनिकल'ची एक खोटी पुरवणी छापली! त्यात सेनेका या मूळ रहिवासी जमातीने इंग्रजांना नजराणा म्हणून पाठवलेल्या गोऱ्या लोकांच्या टाळूंचे आठ गठ्ठे, कुठल्या गठ्ठ्यात शेतकरी, कुठल्यात बायका, कुठल्यात मुलं, सगळं मोजून मापून. असलं पार्सल कधी नव्हतंच. हेतू इंग्लंडमधल्या लोकांना लाज वाटावी हा, पण मजकूर अमेरिकन पेपरांनी खरा म्हणून उचलला आणि १८१२ च्या युद्धाच्या वेळीही परत छापला गेला. बाबांना यात सगळ्यात जास्त काय लागलं तर फ्रँकलिनने त्यात जागेच्या, घोड्याच्या खोट्या जाहिरातीसुद्धा टाकल्यात. "छापणाऱ्याचंच डोकं हे," ते म्हणाले, "जाहिरात दिसली की माणूस बातमीवर विश्वास ठेवतो." त्यांना फ्रँकलिन या धंद्यातला म्हणून फार आवडायचा, त्या दिवशी मात्र त्यांनी ते पान फाईलमध्ये सगळ्यात मागे लावलं. मलाही वाटतं की खऱ्या ९६ माणसांना चार ओळी आणि खोट्या गठ्ठ्यांना अख्खी पुरवणी, हे माफ करण्यासारखं नाहीये.

रात्री अमिश भागातल्या एका खानावळीत मॅश्ड पोटॅटो, नूडल्स आणि मग पीचचा पाय. शनिवारी रात्रीच जेवून घ्या, रविवारी या भागात अमिश दुकानं-हॉटेलं बंद असतात.

तिसरा दिवस: मॅरिएटा

आय-७७ हायवेने खाली दीड तास, ऊन पडलं. मॅरिएटा म्हणजे ओहायो नदीच्या उत्तरेला अमेरिकन सरकारच्या परवानगीने बसलेलं पहिलं कायमचं गाव, ७ एप्रिल १७८८, रूफस पटनम आणि त्याच्यासोबत ४८ माणसं. आणि याची सुरुवातसुद्धा पेपरातूनच! जानेवारी १७८६ मध्ये पटनम आणि बेंजामिन टपर यांनी मॅसॅच्युसेट्सच्या पेपरांत निवेदन दिलं की ओहायोच्या मुलखात ज्यांना वस्ती करायचीय त्यांनी जमावं, आणि मार्चमध्ये बॉस्टनच्या 'बंच ऑफ ग्रेप्स' नावाच्या खानावळीत बसून कंपनी काढली. युद्धातल्या सैनिकांना पगाराऐवजी मिळालेले सरकारी कागद मातीमोल झाले होते, ते देऊन जमीन घ्यायची. सगळं वाचताना एखाद्या फ्लॅट स्कीमच्या जाहिरातीसारखं वाटतं, हवा चांगली, जमीन सुपीक, आणि तिथे आधीपासून कोण राहतंय याला फार जागा नाही.

कॅम्पस मार्शियस म्युझियममध्ये पटनमचं राहतं घर अख्खं आत सामावून घेतलंय, ते बघण्यासारखं आहे. त्याहून मला माऊंड सेमेटरी आवडली. मधोमध अडेना या प्राचीन मूळ रहिवाशांनी दोन हजार वर्षांपूर्वी रचलेला मातीचा उंच गोल ढीग आणि त्याच्या भोवतीने वस्ती करणाऱ्यांची थडगी, त्यात कित्येक स्वातंत्र्ययुद्धातले अधिकारी. पटनम वगैरे मंडळींनी तो ढीग सपाट केला नाही, राखला. पायऱ्या उंच आहेत, बाबा अर्ध्यावर बसले, आम्ही वर जाऊन आलो. दुपारी नदीकाठी बसून घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी संपवली.

चौथा दिवस: फोर्ट रिकव्हरी, मग सिनसिनाटी

पहाटे निघालो, कोलंबसवरून चारेक तास, शेवटचा टप्पा सपाट शेतांतून सरळ रस्ता. फोर्ट रिकव्हरी नावाचं हे छोटंसं गाव वाबाश नदीच्या उगमाकडे आहे, आणि नदी म्हणजे इथे उडी मारून पार होईल एवढी. ४ नोव्हेंबर १७९१ च्या पहाटे इथे अमेरिकन सेनापती आर्थर सेंट क्लेअरच्या फौजेवर मायामी, शॉनी, डेलावेअर वगैरे लोकांच्या एकत्र फौजेने हल्ला केला, पुढारी लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट. तीन-एक तासांत सहाशेच्या वर सैनिक मेले. मूळ रहिवाशांशी झालेल्या लढायांत अमेरिकन सैन्याचा यापेक्षा मोठा पराभव कधी झाला नाही, लिटल बिगहॉर्नच्या प्रसिद्ध लढाईतले मृतसुद्धा याच्या निम्म्याहून कमी.

बातमी फिलाडेल्फियाला पोचायला महिना लागला, डिसेंबरच्या मध्यात पेपरात आली. आणि इथे बघा फरक. बॉस्टनला 'कोलंबियन ट्रॅजेडी' नावाचं मोठं एकपानी पत्रक निघालं, त्यात वरती काळ्या शवपेट्यांच्या रांगा आणि पडलेल्या अधिकाऱ्यांची नावं, खाली शोकगीत. नावं, हुद्दे, कोण कुठल्या तुकडीचा. म्हणजे नावं छापायची पद्धत होती. काँग्रेसने १७९२ मध्ये चौकशी नेमली, सरकारी कारभाराची काँग्रेसने केलेली ती पहिलीच चौकशी.

म्युझियममधल्या काकांनी (शेती करतात आणि उरलेल्या वेळात इथे काम करतात) बाबांना खुर्ची दिली आणि सांगितलं की दोन वर्षांनी पुढचा सेनापती अँथनी वेन याचे सैनिक किल्ला बांधायला इथे आले तेव्हा जमिनीवर सहाशेच्या आसपास कवट्या होत्या, तंबू ठोकायच्या आधी त्या बाजूला कराव्या लागल्या. पुढे १८५१ मध्ये गावात परत अस्थी सापडल्या, तेव्हा सगळं गाव जमलं आणि समारंभाने पुरल्या. हे सांगताना काका मूळ लोकांची बाजूही तितक्याच आदराने सांगत होते, कुणाची जमीन, कुठला करार, कुणी सही केली आणि कुणी केली नव्हती. १७९४ मध्ये फॉलन टिंबर्सची लढाई वेनने जिंकली आणि १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहात आजच्या ओहायोचा बहुतेक भाग गेला.

संध्याकाळी सिनसिनाटी. इथे ९ नोव्हेंबर १७९३ ला विल्यम मॅक्सवेलने 'सेंटिनेल ऑफ द नॉर्थ-वेस्टर्न टेरिटरी' सुरू केला, ओहायो नदीच्या उत्तरेचा पहिला पेपर. ब्रीदवाक्य: सगळ्या पक्षांना खुला, कुणाच्याही दबावाखाली नाही. आणि त्याच पेपरात मे १७९४ मध्ये गावकऱ्यांनी वर्गणी काढून दिलेली जाहिरात आहे, उजवा कान लागलेली टाळू आणून देणाऱ्याला बक्षीस, पहिल्या दहांसाठी वर्गणीदाराला १३६ डॉलर आणि वर्गणी न दिलेल्याला १००. हॉटेलच्या खोलीत नवऱ्याने ते वाचलं आणि फाईल बंद करून टीव्ही लावला, म्हणाला आज एवढं पुरे. बरोबरच होतं त्याचं. सिनसिनाटी चिली म्हणजे स्पगेटीवर खिम्याचा पातळसर रस्सा, त्यात दालचिनीचा वास आणि वर चीजचा डोंगर. शाकाहारी असाल तर खिम्याऐवजी काळा घेवडा-भात घालूनही मिळते, विचारायचं.

शेवटचा दिवस: लेक्सिंग्टन

केंटकीत डॉगवूड फुलला होता, गल्लोगल्ली पांढरा. बाबांना मुद्दाम दाखवला, कारण ११ ऑगस्ट १७८७ ला इथे 'केंटकी गॅझेट' काढणारा जॉन ब्रॅडफर्ड हा मुळात छापखान्यातला माणूसच नव्हता, आणि कमी पडलेली मोठी अक्षरं त्याने डॉगवूडच्या लाकडात कोरली असं सांगतात. पहिल्याच अंकात त्याने वाचकांची माफी मागितलीय, की ओहायो नदीवरच्या लाइमस्टोन गावाच्या धक्क्यावरून इथे आणताना खिळ्यांचा मोठा भाग मिसळून गेला, जोडीदार दहा दिवस आजारी, मदतीला कोणी नाही, सांभाळून घ्या.

पब्लिक लायब्ररीच्या केंटकी रूममध्ये बाईंनी मायक्रोफिल्म लावून दिली. बाबा म्हणाले, एकदा आमच्याकडे दिवाळी अंकाच्या आधी खिळ्यांची केस, म्हणजे पेटी, पडली होती, आम्ही तिघं रात्रभर बसून काना, मात्रा, जोडाक्षरं वेगळी करत होतो, आणि याने एकट्याने केलं! मग ते स्क्रीनजवळ गेले आणि बोटाने दाखवायला लागले, हे बघ इथे त्याच्याकडे अक्षर संपलंय, दुसऱ्या साईजचं घातलंय. लायब्ररीच्या बाईंनाही ते दिसेना, बाबांनी मला भाषांतर करायला लावून त्यांना समजावलं, मग त्यांनी वहीत लिहून घेतलं.

या पेपरात लढायांपेक्षा मला लहान जाहिराती जास्त धरून ठेवत होत्या. अमुक तारखेला क्रॅब ऑर्चर्ड या गावी मंडळी जमणार आहेत, दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे मिळून जंगलातून पूर्वेकडे निघतील, ज्यांना जायचंय त्यांनी यावं. एकट्यादुकट्याने जायची भीती, म्हणून पेपरातून सोबत शोधायची. आणि त्याच काळातल्या अंकांत हरवलेला घोडा, विकाऊ जमीन, आणि पळून गेलेल्या गुलामाला धरून आणणाऱ्याला बक्षीस. अशा जाहिरातीत त्या माणसाचं नाव असतं, वय, अंगावरची खूण, कपडे, सगळं बारकाईने, कारण तो परत हवा असतो.

परतीला रात्री वाटेत मुक्काम केला, एका दमात जाऊ नका, वेस्ट व्हर्जिनियातले घाट अंधारात थकवतात. जुने पेपर बघायचे असतील तर तुमच्या पब्लिक लायब्ररीत विचारा, बऱ्याच ठिकाणी घरबसल्या मोफत मिळतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका'वर खूप आहे, आणि फ्रँकलिनची ती खोटी पुरवणी 'फाउंडर्स ऑनलाइन'वर वाचता येते. त्या छपाईत बऱ्याच ठिकाणी 's' हा 'f' सारखा दिसतो, पहिली दोन पानं त्रास होतो, मग डोळा बसतो.

मोराव्हियनटाउनच्या आजींनी फोन नंबर दिलाय आणि या म्हणाल्यात, त्यांच्याकडे ग्नाडनहटनमधल्या माणसांची नावांची यादी आहे. बाबांच्या कॅनडा व्हिसाचा फॉर्म काल भरला.